तीन पावत्या आणि एक टाकी

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अर्धं दंडाच्या पावत्यांवर, अर्धं गाडीच्या ॲव्हरेजवर. पावत्या तीन, त्यातल्या दोन वेगाच्या आणि एक सिग्नलची. ॲव्हरेज कंपनीच्या आकड्याच्या आसपासही येत नाही, तेव्हा इंजिनात काही खोट असेल का, असं विचारलंयस. मला तसं वाटत नाही. मागच्या खेपेला तू मला सोडायला आलीस, तेव्हा मी शेजारी बसून तुझा उजवा पाय बघत होतो. तो एक तर ॲक्सिलरेटरवर होता, नाही तर ब्रेकवर. मधे रिकामा असा कधी दिसलाच नाही. पुढचा सिग्नल लाल झालेला लांबूनच दिसत होता, तरी तू गाडी तशीच दामटलीस आणि अगदी जवळ गेल्यावर करकचून ब्रेक मारलास. माझ्या मांडीवरची पिशवी घरंगळून पायाशी गेली. मी ती उचलली आणि गप्प बसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं, ते आता लिहितो.

त्या एका ब्रेकचा हिशेब मांडून बघ. साधारण १२०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असते, तेव्हा तिच्या अंगात सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल ऊर्जा असते. लिटरभर पेट्रोलमध्ये ३ कोटी २० लाखांच्या आसपास ज्यूल असतात खरे, पण त्यातली जेमतेम पाव चाकांपर्यंत पोचते. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे उष्णता होऊन निघून जाते. म्हणजे गाडी थांबलेली असताना साठपर्यंत न्यायला वीसेक मिलिलिटर पेट्रोल लागतं, लहान चमच्याने मोजलंस तर चार चमचे. ब्रेक मारलास की ते चार चमचे ब्रेकच्या तबकड्या तापवण्यात गेले. वेग साठऐवजी नव्वद असेल तर चमचे चारचे नऊ होतात, कारण वेग दीडपट झाला की ऊर्जा सव्वादोनपट होते. वाटेत असे किती ब्रेक मारतेस ते एकदा मोज. तुझी गाडी विजेवरची असती तर यातला काही भाग बॅटरीत परत गेला असता. नुसत्या पेट्रोलवरच्या गाडीत ती सोय नाही.

आता उलटं करून बघ. लाल सिग्नल दिसला, किंवा पुढच्या तीन गाड्यांचे मागचे दिवे पेटले, की ब्रेककडे जाऊ नकोस. नुसता ॲक्सिलरेटर सोड, गिअर तसाच राहू दे. आजच्या इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणाऱ्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंधनाचा पुरवठा बंद होतो आणि चाकंच इंजिन फिरवत राहतात. वेग बराच उतरेपर्यंत तुझं पेट्रोल जवळजवळ शून्य. पुष्कळदा तू हळूहळू पोचेपर्यंत सिग्नल हिरवाही झालेला असतो, आणि दहा-वीसच्या वेगातल्या गाडीला पुन्हा उचलायला थांबलेल्या गाडीपेक्षा पेट्रोल कमी लागतं.

इथे एक जुनं भूत उतरवून टाकतो, कारण ते बहुधा मीच तुझ्या डोक्यात घातलं असेल. उतारावर गाडी न्यूट्रल करू नकोस. आम्ही कार्बुरेटरच्या, म्हणजे इंजेक्शन येण्याआधीच्या गाड्यांवर शिकलो, तेव्हाची ती सवय. आता न्यूट्रल केलंस की इंजिनाला चालू राहण्यासाठी उलट पेट्रोल द्यावं लागतं, आणि इंजिनाचा जो आपसूक ब्रेक लागत असतो तोही गमावतेस.

दुसरं भूत म्हणजे गोगलगायीसारखं निघणं. पेट्रोल वाचवायचं म्हणून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळायची गरज नाही. ठीकठाक जोर देऊन निघ, गिअर लवकर वर टाक आणि हव्या त्या वेगाला पोचलीस की पाय हलका कर. पिकअप घेण्यात पाप नाही. घेतलेला वेग पुढच्या पन्नास पावलांवर ब्रेकखाली घालण्यात आहे.

हे सगळं जमायला समोर जागा लागते. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवलंस तर पन्नास मीटर मिळतात, आणि तेवढ्यात नुसता पाय उचलून काम भागतं. यावर तू म्हणणार, इतकी जागा सोडली की कोणीतरी घुसतोच. घुसू दे. एक जण घुसला आणि तू पुन्हा अंतर वाढवलंस, तर तुझे दोन-तीन सेकंद गेले. दहा जण घुसले तरी अर्धा मिनिट. तेवढ्यासाठी पुढच्याच्या बंपरला चिकटून त्याच्या प्रत्येक ब्रेकला आपलाही ब्रेक मारत बसायचं, हे मला तरी परवडत नाही.

वेगाच्या दोन पावत्यांबद्दल. तू लिहिलंयस, घाई होती. वीस किलोमीटर ऐंशीने गेलीस तर १५ मिनिटं, शंभरने गेलीस तर १२. तीन मिनिटांची घाई. त्यासाठी हवेचा रोध मात्र दीडपटीहून जास्त होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८९ किलोमीटरची मर्यादा घातली, ती मुळात अपघातांसाठी नव्हतीच. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल वाचवायला घातली होती. तुझी पावती आणि तुझी टाकी या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, असं मी म्हणतो ते उगाच नाही.

कॅमेरा दिसला की वेग कमी करायचा आणि पुढे गेल्यावर भरून काढायचा, ही हुशारी मीही केली आहे. दोन कॅमेऱ्यांमध्ये दहा किलोमीटरचा रस्ता, मर्यादा ऐंशीची. दोन्ही कॅमेऱ्यांखालून मी अगदी सभ्यपणे गेलो. साडेसात मिनिटं लागायला हवी होती, मी सहा मिनिटांत पोचलो होतो. यंत्राने नुसता अंतराला वेळेने भागाकार केला, सरासरी वेग शंभर निघाला आणि पावती घरी आली. वेग पकडणाऱ्या पहिल्या कॅमेऱ्यांमागचा माणूस कोण होता, माहीत आहे? मौरिस गात्सोनिडेस नावाचा डच रॅलीपटू, १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला. वळणावर आपला वेग नेमका किती आहे ते मोजून तो वाढवता यावा, म्हणून त्याने हे यंत्र बनवायला घेतलं होतं!

‘मीटर चुकीचं दाखवत असेल’ हा बचाव मात्र सोड. बऱ्याच देशांत चालणाऱ्या नियमाप्रमाणे गाडीचं मीटर खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्त दाखवलं तर चालतं, कमी दाखवलेलं चालत नाही. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असशील तर गोष्ट वेगळी.

सिग्नलच्या पावतीत तुझी चूक पिवळ्यावर झालेली नाही, त्याआधी झाली आहे. लांबून येताना सिग्नल बराच वेळ हिरवाच दिसत असेल तर तो आता जायला टेकलेला आहे असं धरून चालायचं आणि पाय हलका करायचा. तू उलट जोर दिलास. साठच्या वेगात कोरड्या रस्त्यावर, टायर चांगले असले तरी, थांबायला पस्तीसेक मीटर लागतात. त्याच्या आत पिवळा लागला की रेषेआधी थांबणं जमत नाही, करकचून थांबावं तर मागचा धडकू शकतो, जावं तर लाल होऊ शकतो.

फोटो नीट बघ. गाडीचा नंबर, जागा, वेळ यात चूक असेल तर पुराव्यासकट लेखी हरकत घे. चूक नसेल तर भरून टाक. रस्त्यात उभं राहून कोणाशी हुज्जत घालू नकोस, त्यातून पावती कमी झालेली मी तरी पाहिली नाही.

राहिलेलं थोडक्यात. टायरमधली हवा सकाळी, गाडी फिरवण्याआधी तपास. आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टपावरचा कॅरिअर वापरत नसशील तर काढून ठेव. दहा सेकंदांहून जास्त उभं राहायचं असेल आणि रहदारीत अडकलेली नसशील, तर इंजिन बंद कर.

येत्या वेळी टाकी फुल कर, ट्रिप मीटर शून्यावर आण आणि पुढच्या फुल टाकीपर्यंत रोजच्याच रस्त्याने जा. फक्त पाय लवकर उचलायचा, बाकी काही बदलू नकोस. किलोमीटर आणि लिटर, दोन्ही आकडे मला कळव. आणि तिसऱ्या पावतीची मुदत कधी संपते ते आज रात्रीच बघ, पत्रात तू ती तारीख लिहिलेली नाहीस.

तुझा,
गाडी शिकवणारा