परक्या पंगतीत बसण्यापूर्वी
परदेशातील यजमानांकडे प्रथमच जेवायला जाणार असाल, तर सगळ्या देशांचे शिष्टाचार घोकत बसू नका. ज्या चुका खरोखर मनाला लागतात, तेवढ्या आधी माहीत करून घ्या. जपानमध्ये भाताच्या वाटीत चॉपस्टिक उभ्या खोचणे अशुभ मानले जाते, कारण मृताला अर्पण केलेल्या भातात त्या तशा खोचतात. चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देणेही टाळावे, कारण दहनानंतर नातेवाईक अस्थी काहीशा याच रीतीने एकमेकांकडे सोपवतात. दोन घासांच्या मधे त्या छोट्या टेकूवर आडव्या ठेवल्या, म्हणजे प्रश्नच मिटला. याउलट, नूडल्स भुरके मारत खाल्ल्याबद्दल तेथे कोणी नाक मुरडणार नाही. हीच सवय युरोपात सूप पिताना मात्र अंगाशी येईल.

कोरियात वडीलधाऱ्यांनी सुरुवात केल्याखेरीज चमचा उचलू नये आणि त्यांनी दिलेला पेला दोन्ही हातांनी घ्यावा. फ्रान्समध्ये मनगटे टेबलाच्या कडेवर दिसतील अशी ठेवतात. हात मांडीवर ठेवणे तेथे खटकते. काटे-चमच्यांच्या बारकाव्यांचे, माझ्या मते, उगाच अवडंबर माजवले जाते. जेवण संपल्यावर सुरी आणि काटा ताटलीत शेजारी-शेजारी ठेवले, की बहुतेक ठिकाणी काम भागते. इथिओपियात यजमानाने स्वतःच्या हाताने इंजेराचा, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या मऊ भाकरीचा, घास तुमच्या तोंडाशी आणला, तर संकोचाने मागे सरकू नका: त्याला गुर्शा म्हणतात, आणि तो नाकारणे यजमानाला निश्चितच लागेल.