‘केसतूड’ म्हणजे फॉलिक्युलायटिस का?

आरोग्यविषयक पत्रकाचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘फॉलिक्युलायटिस’साठी, म्हणजे केसांच्या मुळांना येणाऱ्या सुजेसाठी, ‘केसतूड’ हा शब्द चालेल का, आणि त्यातले ‘तूड’ म्हणजे नेमके काय?

‘तूड’चे नाते ‘तुटणे-तोडणे’ याच क्रियापदांशी आहे. हिंदीतील ‘बालतोड’ची घडणही तशीच आहे. केस तुटला किंवा उपटला गेला आणि त्या जागी फोड आला, असे कारणच या शब्दाने आपल्या पोटात घेतले आहे. ‘केसतोड’ आणि ‘केसपुळी’ ही रूपेही ऐकू येतात.

हे कारण अर्धे खरे आहे. बऱ्याच निरोगी माणसांच्या नाकपुडीत आणि त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू बिनबोभाट राहत असतो, आणि केस ओढला गेल्याने झालेल्या बारीकशा इजेतून त्याला केसाच्या मुळापर्यंत वाट मिळते. मात्र एकही केस न तुटता, घट्ट कपड्यांचे घर्षण, साचलेला घाम, जाड तेलाचा थर किंवा दाढीचे पाते एवढ्यानेही मूळ सुजू शकते. कुरळ्या दाढीचा कापलेला केस वळून पुन्हा कातडीत शिरतो तेव्हा तर दाहाला जंतूचीही गरज पडत नाही. काही वेळा मॅलॅसेझिया ही त्वचेवरची बुरशी कारणीभूत असते.

तरीही माझा आक्षेप व्युत्पत्तीला नसून आकाराला आहे. फॉलिक्युलायटिसमध्ये बहुधा मोहरीएवढ्या पुळ्यांचा घोळका दिसतो आणि प्रत्येकीच्या मधोमध केस असतो. उलट ‘मांडीला केसतूड झालंय, धड बसता येत नाही’ असे म्हणणाऱ्याला दाढीनंतरचे पुरळ अभिप्रेत नसते. केसतूड सहसा एकटे येते, खोल आणि टणक असते, ठणकते, पिकते आणि तोंड पडल्यावरच उतरते. वैद्यकाच्या भाषेत ते ‘फ्युरंकल’ होय. (लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ ‘भुरटा चोर’ असा आहे, हे जाता जाता.) शेजारशेजारची अशी मुळे एकत्र पिकली, की त्याला ‘काळपुळी’ म्हणतात. ती मधुमेह्यांत अधिक आढळते आणि तिच्यावर घरगुती पोटीस लावत बसू नये. ‘सांसर्गिक काळपुळी’ म्हणजे अँथ्रॅक्स हा मात्र निराळाच रोग आहे, आणि अनुवादकाने तिथे विशेष सांभाळावे. काखेतल्या गळवाला ‘काखमांजरी’ आणि पापणीच्या कडेला येणाऱ्या पुळीला ‘रांजणवाडी’ अशी जागेनुसार वेगळी नावे देणाऱ्या भाषेत सगळे ‘केसतुडा’त कोंबण्याचे कारण नाही.

पारिभाषिक शब्द हवा असेल तर ‘केशपुटकदाह’ चांगला आहे. ‘फॉलिकल’ म्हणजे मुळात लहानशी पिशवी, आणि ‘पुटक’ही तेच सांगते. संस्कृतातील ‘रोमकूप’ने त्याच जागी विहीर पाहिली, ती कल्पना मला अधिक आवडते, पण ‘रोमकूपदाह’ म्हटल्यावर दवाखान्यात कोणी ओळखणार नाही. पत्रकात मात्र ‘केसांच्या मुळाशी येणाऱ्या पुळ्या’ असे सरळ लिहावे आणि ‘केसतूड’ हा शब्द त्यातली एखादी पुळी खोल जाऊन गळू झाले, तर त्यासाठी राखून ठेवावा.