बी-प्लस ट्रीमध्ये यादी मध्येच तुटते, कधी भलतंच नाव येतं. काय करू?

तुम्ही म्हणता, फोंड्यात कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी फाइल सिस्टीम लिहिली, तिची डिरेक्टरी बी-प्लस ट्रीत, म्हणजे नोंदी क्रमाने लावणाऱ्या झाडासारख्या रचनेत ठेवली, तिच्यात गावच्या जत्रेतल्या नाटकांची रेकॉर्डिंग्ज ठेवली, आणि फायली वाढल्यापासून डिरेक्टरीची यादी अधूनमधून बिघडते. शोधाने दिलेल्या स्लॉटमधून, म्हणजे नोंदीच्या जागेच्या क्रमांकातून, १ वजा केला तर तीच फाइल पुन्हा येते.

आधी डिस्क इमेजची, म्हणजे सगळी फाइल सिस्टीम ज्यात आहे त्या फाइलची, प्रत काढा आणि पुढचं सगळं प्रतीवरच करा. जत्रेत त्या रात्री झालेला प्रयोग पुन्हा रेकॉर्ड करता येणार नाही.

वर्णनावरून तुमचं शोध फंक्शन बरोबर वाटतं; बिघाड त्याचं उत्तर वापरणाऱ्या कोडमध्ये आहे. समजा एका लीफमध्ये, म्हणजे झाडाच्या तळाशी नोंदी ठेवणाऱ्या खणात, १०, २०, ३० आणि पुढच्यात ४०, ५० अशा की, म्हणजे नोंदी ओळखायचे आकडे, आहेत. यादी हप्त्याहप्त्याने दाखवताना एक हप्ता ३० वर संपला, म्हणून तुम्ही ३१ पासून पुढचं शोधता. ३१ ही ४० पेक्षा लहान, त्यामुळे शोध पहिल्याच लीफमध्ये उतरतो आणि स्लॉट ३ सांगतो. मोजणी ० पासून, म्हणजे तिथे नोंदच नाही. ३१ घालायची असती तर जागा हीच. वाचायला गेलात तर उरलेसुरले जुने बाइट मिळतात, तेच ते भलतं नाव. १ वजा केलात तर ३० परत येते. 'यादी संपली' म्हणालात तर ४० आणि ५० गायब.

हे रोज घडत नाही, कारण यादीचा एक हप्ता जिथे संपतो नेमकं तिथेच लीफही संपावं लागतं.

म्हणून स्लॉट नोंदींच्या संख्येइतका आला की पुढच्या लीफच्या स्लॉट ० वर जा. पुढचं लीफच नसेल तरच यादी संपली. ही तपासणी एकाच छोट्या फंक्शनमध्ये ठेवा आणि सगळीकडून तेच बोलवा, कारण हीच चूक पुसण्याच्या आणि नाव बदलण्याच्या कोडमध्येही लपलेली असू शकते. लिनक्सच्या बीटीआरएफएस या फाइल सिस्टीममध्येही शोध असाच वागतो: की सापडली तर ०, नाही तर १, अडचण आली तर ऋण आकडा, आणि १ आला की स्लॉट लीफच्या बाहेर आहे का, हे बोलावणाऱ्यानेच बघायचं.

चाचणीसाठी लीफमध्ये ३ च नोंदी मावतील असं करा. मग प्रत्येक की, तिच्या १ ने आधीची आणि १ ने नंतरची, अशा तिन्ही शोधून उत्तरं साध्या क्रमवार ॲरेशी ताडून पाहा.