सव्वापाच एकरांतून २ ३/५ एकर वजा: मुलीचं उत्तर ३ ७/२० का येतं?

तुमची मुलगी सहावीत आहे आणि गणित असं आहे: निफाडच्या शेतकऱ्याची ५ १/४ एकर जमीन, २ ३/५ एकरांत द्राक्षबाग, उरलेल्यात कांदा, कांदा किती एकर? तिचं उत्तर ३ ७/२० आलं. समच्छेद तिने बरोबर केलाय: ४ आणि ५ चा लसावि २०, म्हणून ५ ५/२० आणि २ १२/२०. घोळ पुढे आहे. ५ मधून १२ जात नाहीत, म्हणून तिने १२ मधून ५ काढले. म्हणजे पूर्णांक वरून खाली आणि अंश खालून वर वजा झाले. ही चूक फार मुलं करतात.

इथे पाचातला एक पूर्णांक सुटा करायचा. दशक सुटा केला की दहा एकक मिळतात, पण इथे एकाचे २०/२० होतात, कारण छेद २० आहे. सवयीने दहाच मिळवले तर २ ३/२० येतं, तेही चूक. बरोबर मांडणी:

५ ५/२० = ४ २५/२०
४ २५/२० − २ १२/२० = २ १३/२० एकर

पडताळा गुंठ्यांत घ्या, आपल्याकडच्या मुलांना तो लगेच पटतो. एकराचे ४० गुंठे, म्हणून एकूण २१०, द्राक्षं १०४, उरले १०६ गुंठे, म्हणजे २ एकर २६ गुंठे. २६/४० म्हणजेच १३/२०. मुलीच्या उत्तराचे १३४ गुंठे होतात. त्यात १०४ मिळवले की २३८, शेतच वाढलं!

अंशाधिक करूनही सुटतं: २१/४ − १३/५ = १०५/२० − ५२/२० = ५३/२०. यात सुटं करायची भानगड नाही. पण ३८ १/४ − १७ ३/५ असं आलं की ७६५ आणि ३५२ असे अंश होतात आणि गुणाकारातच चुका होतात. म्हणून मी पहिली रीत आधी पक्की करायला सांगेन.

शाब्दिक उदाहरणात खरा सापळा शब्दांचा असतो. ‘३/५ एकरात द्राक्षं’ आणि ‘शेताच्या ३/५ भागात द्राक्षं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात आधी गुणाकार: ५ १/४ × ३/५ = ३ ३/२० एकर, आणि मग उरतात २ १/१० एकर. अपूर्णांकापुढे एकक आहे की ‘भाग’, ते तिला पेन्सिलीने अधोरेखित करायला लावा. ‘पावणेतीन’ वाचून ३ ३/४ लिहिणारीही मुलं असतात. ते २ ३/४ आहे, तीनाला पाव कमी.

आणि आकडेमोडीआधी तोंडी अंदाज घ्यायला सांगा: सव्वापाचातून अडीच गेले तर पावणेतीन उरतात, इथे अडीचपेक्षा जरा जास्त जातंय, म्हणजे उत्तर पावणेतीनच्या किंचित खाली हवं. ३ ७/२० तिथेच बाद होतं.