टर्की तिकडेच, ॲडव्हान्सही तिकडेच, आणि इकडे हॉटेलवाल्याची नोटीस

इंदूरच्या रामबागेतले एक जण लिहितात की ते हॉटेलांना फ्रोझन माल पुरवतात. डिसेंबरसाठी अमेरिकेतून टर्की आणि बदक मागवलं, सॅनिटरी इम्पोर्ट परमिट (असा माल आणायची सरकारी परवानगी) हातात होतं, 30 टक्के ॲडव्हान्स टीटीने, म्हणजे बँकेतून थेट सेलरच्या खात्यात गेला, आणि ऐन वेळी प्लांटच्या भागात बर्ड फ्लू निघाला, तिथल्या सरकारी जनावरांच्या डॉक्टरने मालाच्या आरोग्य सर्टिफिकेटवर सही केली नाही. सेलर म्हणतो फोर्स मेज्योर, म्हणजे आमच्या हाताबाहेरचं संकट, पैसे पुढच्या सीझनला ॲडजस्ट करू. इकडे हॉटेलवाल्याने भरपाईची नोटीस पाठवली, आणि एक एजंट सर्टिफिकेटमध्ये फेरफार करून देतो म्हणतोय.

हे बघा, आधी सेलरचा तो मेल परत काढा आणि नीट वाचा. "बर्ड फ्लूमुळे एक्स्पोर्ट बंद" एवढंच लिहिलंय, की कुठला भाग बंद तेही लिहिलंय? तुमची अर्धी केस यातच आहे. आपण पूर्वी अख्खा देशच बंद करायचो, 2011 च्या नोटिफिकेशनने तसंच केलं होतं, अमेरिका डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) गेली आणि 2015 मध्ये आपण अपिलातही हरलो, कारण रोग निघालेला भाग आणि बाकीचा देश यात फरक करायला आपण तयार नव्हतो. (2020 च्या डिसेंबरात आपल्या डेली कॉलेजात कावळे मेले, एच5एन8 हा बर्ड फ्लू निघाला, त्यावरून कोणी अख्ख्या भारताची कोंबडी नाकारली असती तर आपणच ओरडलो असतो.) त्यानंतर आपण नियम बदलले. अमेरिकेत रोग निघालेल्या फार्मभोवती साधारण 10 किलोमीटरचा पट्टा कंट्रोलमध्ये घेतात, बाकीचं राज्य सुरू असतं.

म्हणजे सेलरला सरळ विचारा, तुमचा दुसरा प्लांट पट्ट्याबाहेर आहे ना, मग तिथून माल का नाही दिला? फक्त त्या दुसऱ्या प्लांटचा माल तुमच्या परमिटच्या अटींत बसतो का ते आधी बघून घ्या, नाहीतर तोंडावर पडाल. तो म्हणाला दुसरीकडचा महाग पडतो, तर आपल्या सुप्रीम कोर्टाने 2017 च्या एनर्जी वॉचडॉग केसमध्ये सांगितलंय की भाव वाढला म्हणून करार सुटत नाही. पण हे करार भारतीय कायद्याखाली असेल तरच. प्रोफॉर्माच्या (सेलरने आधी पाठवलेल्या कच्च्या बिलाच्या) मागच्या बारीक अक्षरांत कायदा कुठला आणि आर्बिट्रेशन कुठे हे असतं, ते बहुतेक तुम्ही वाचलेलं नसेल, कोणीच वाचत नाही. भारतीय कायदा निघाला आणि माल देणं खरंच अशक्य झालेलं असेल तरी कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम 65 आहेच, करार रद्दबातल झाला की घेतलेला फायदा परत करावा लागतो, आणि ॲडव्हान्स म्हणजे तोच. ॲडजस्टमेंटला फोनवरसुद्धा हो म्हणू नका, आणि "पैसे परत हवेत" हे मेलवर लिहून पाठवा.

बँकेलाही आत्ताच कळवा. बाहेर गेलेल्या ॲडव्हान्सपोटी ती बिल ऑफ एंट्री, म्हणजे माल देशात आल्याचा कस्टम्सचा कागद मागणार, आणि माल आलाच नाही तर ते तुम्ही देणार कुठून?

हॉटेलचं मात्र वेगळं आहे. त्यांच्या पीओत (खरेदीच्या ऑर्डरीत) नुसतं "फ्रोझन टर्की" असेल तर तुमचा सेलर बुडाला काय न् तरला काय, त्यांना त्याच्याशी घेणंदेणं नाही, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम 56 (काम अशक्य झालं तर करार सुटतो ते) तुमच्या मदतीला येणार नाही. अमेरिकन ओरिजिन किंवा तोच ब्रँड लिहिला असेल तर बोलायला जागा आहे. तरी खरं नुकसान किती झालं ते त्यांना दाखवावं लागेल, दुसरीकडून चढ्या भावाने घेतलं असेल तर त्याची बिलं मागा. माझं विचाराल तर त्यांच्याशी कोर्टाबाहेर मिटवा, तुमचं रोजचं गिऱ्हाईक आहे ते.

आणि तो एजंट म्हणतोय ना की सर्टिफिकेटवर प्लांटचा नंबर बदलून आणतो, त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. पकडलं गेलं तर माल जाईलच, वर कस्टम्स ॲक्टच्या 114-एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपट दंड होऊ शकतो, आणि तो नुसत्या एजंटला नाही, तुम्हालाही.