खाणी परत सुरू झाल्या, आता मुलाला मायनिंगलाच घालू का?

नमस्कार. तुम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून लिहिलंय, मुलाला बारावी सायन्सला ६४ टक्के पडलेत आणि प्रश्न एवढाच की मायनिंग इंजिनिअरिंगला कुठे अॅडमिशन मिळेल, डोनेशनचीही तयारी आहे. मार्कांची मला काळजीच वाटली नाही. काळजी वाटली ती तुमच्या या वाक्याची, "तो नको म्हणतो, पण त्याला काय कळतं."

२०१२ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या तेव्हा तुमचे खनिज वाहणारे दोन ट्रक दारात उभे राहिले, बँकेचे हप्ते काही थांबले नाहीत, मग मधे थोडं काम मिळालं आणि २०१८ ला खाणींची ८८ लीज (खाणपट्टे) रद्द झाल्यावर एक ट्रक भंगारात द्यावा लागला. वाचून फार वाईट वाटलं. पण पत्राची दीड पानं ट्रकवर आहेत आणि मुलगा सहा ओळींत संपतो. तुमचं जे गेलं ते त्याच्याकडून भरून काढायचं असं चाललंय हे, आणि त्याला ते कळतंय. महिनाभर जेवताना तो तुमच्याशी बोलत नाही त्याचं कारण मोबाईल नाही हो.

आणि "लिलाव झाले, आता घराजवळ नोकरी पक्की" हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. डिसेंबर २०२२ मध्ये खाणींच्या पहिल्या ४ ब्लॉकचा लिलाव झाला, डिचोलीत काम सुरूही झालं, ते खरं आहे. पण २०१०-११ ला ५ कोटी टनांहून जास्त खनिज गोव्यातून बाहेर गेलं ते चीन घेत होता म्हणून, आणि २०१४ ला कोर्टाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली, तेव्हा ते दिवस तसेच्या तसे परत येतील असं धरून पोराचं आयुष्य आखू नका. शिवाय ट्रकचा धंदा गावात होतो, मायनिंग इंजिनिअरचं तसं नाही, देशातलं जास्त काम कोळशात आहे म्हणजे झारखंड, छत्तीसगड, ओडिशा. नुसत्या डिग्रीवर खाणीचा मॅनेजरही होता येत नाही, खाणीत अनुभव घेऊन डीजीएमएसचं, म्हणजे केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचं सर्टिफिकेट मिळवावं लागतं.

आता तुमची ती तक्रार, "सरांबरोबर गावातल्या विहिरींचं पाणी मोजत फिरतो, वहीत आकडे लिहितो, रिकामटेकडा." अहो, त्या ओळीवर मी खुर्चीतून उठले! आपल्याकडे खनिज भूजलाच्या पातळीखाली लागतं, खड्डा कोरडा ठेवायला पंप लावतात आणि आजूबाजूच्या विहिरी, झरे उतरतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. तुमचा मुलगा तेच मोजतोय. याला हायड्रोजिओलॉजी म्हणतात, जिओलॉजीतली भूजलाची शाखा. नवीन खाणीलाही अशी माणसं लागतात आणि खाणी उद्या परत बंद पडल्या तरी लागतात, खड्डे आणि पाणी तर राहणारच ना.

पणजीच्या धेंपे किंवा मडगावच्या चौगुले कॉलेजात जिओलॉजी घेऊन बीएस्सी, पुढे एमएस्सीला गोवा युनिव्हर्सिटी किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी, मग यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा, त्यातून जीएसआय (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) आणि केंद्रीय भूजल मंडळात भरती होते. डोनेशनचे पैसे बँकेतच राहू द्या.

आज रात्री ती वही मागा, त्याला वाचून दाखवायला सांगा आणि मधे बोलू नका. पुढचं पत्र त्याला स्वतःला लिहू दे, कुठल्या विहिरीचं पाणी किती उतरलं ते मला त्याच्याकडून ऐकायचंय.