आराखड्याच्या नकाशात आमचं बावखल येईल का?

प्रश्न: वसईच्या पश्चिम पट्ट्यात आमची वडिलोपार्जित वाडी आहे. केळी, थोडा भाजीपाला, आणि मधोमध बावखल, म्हणजे बागायतीसाठी खणलेलं छोटं तळं. सासऱ्यांच्या लहानपणी त्यावर रहाट होता. आता चहूबाजूंनी इमारती उठतायत. दोन्ही दिरांचं म्हणणं, बावखल भराव टाकून बुजवावं, म्हणजे जागेला भाव येईल. इकडे शहराच्या पुढच्या वीस वर्षांच्या विकास आराखड्याचं बोललं जातंय. त्यात बावखल वाचवता येईल का? मी एकटी काय करू शकते?
– एक वाचक, वसई

उत्तर: ताई, वाचवता येईल. पण प्रारूप आराखडा, म्हणजे हरकतींसाठीचा कच्चा मसुदा, छापून येईपर्यंत थांबलात, तर बरंच काही हातचं गेलेलं असेल. नगररचनेच्या कामात माझी उभी हयात गेली, म्हणून हे पोटतिडकीनं सांगते. रस्ता कुठून जातोय, सार्वजनिक कामासाठीचं आरक्षण कुणाच्या जमिनीवर पडलंय, एवढंच लोक बघतात. खरी मेख त्याआधीच्या नकाशात असते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करावा लागतो: आज कुठे घर, कुठे शेत, कुठे पाणी. त्यात तुमचं बावखल पाणी म्हणून आलं, तर पुढे प्रत्येक टेबलावर त्याचं काय करायचं हे कुणाला तरी ठरवावं लागतं. नाही आलं, तर ती नुसती जमीन. तिच्यावर रहिवास विभागाचा पिवळा रंग चढायला वेळ लागत नाही.

मे महिन्यात सर्वेक्षणाला निघालेली पथकं मी पाहिली आहेत. तळं आटलेलं, गवत माजलेलं, पोरं क्रिकेट खेळतायत. कागदावर नोंद होते ‘मोकळी जागा’. पावसाळ्यात तिथे परत जाऊन बघणारा विरळा.

तेव्हा आधी कागद जमवा. सातबारा, भूमी अभिलेख कार्यालयातून सर्व्हे नंबर-हिश्शाचा नकाशा, आणि ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेल्या बावखलाचे तारखेसकट फोटो. आळीतल्या बाकीच्या वाड्यांनाही बरोबर घ्या. एकाच वाडीचा अर्ज साहेबाला घरातलं भांडण वाटतो. सगळ्या आळीची बावखलं एका नकाशावर दाखवलीत, तर तो बाजूला सारता येत नाही. वसईत तुम्ही एकट्या पडाल असं मला वाटत नाही. धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली हरित वसईची चळवळ ज्यांनी पाहिली, ती माणसं तुमच्या आसपास आहेत. अर्ज नगररचना विभागात द्या, आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.

‘पाणथळ जागांचा कायदा आहे की,’ असं कुणी म्हणेल. त्यावर विसंबू नका. केंद्राच्या 2017 च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी माणसांनी मुद्दाम केलेले जलसाठे वगळले आहेत, आणि मिठासाठी केलेली आगरंही. बावखलं तर बागायतीसाठीच खणलेली. म्हणूनच आराखड्यावर माझा एवढा भर आहे.

आता दिरांचं. ते म्हणतील, सूर्या धरणाचं पाणी आलं, बावखल हवंय कशाला? सूर्या प्रादेशिक योजना रोज 403 दशलक्ष लिटरची, त्यातलं 185 वसई-विरारचं. 2011 च्या जनगणनेतच या शहरात 12 लाख 22 हजार माणसं होती, तेव्हा ते पाणी लागणारच. पण नळ पाणी आणून देतो, जुलैचा पाऊस पोटात घेत नाही. जुलै 2018 मध्ये वसई कशी बुडाली, मिठागरांतली माणसं कशी अडकली, हे दिरांनाही आठवत असेल. त्यानंतर नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी धारण तलाव करा म्हणून सांगितलं. म्हणजे पावसाचं पाणी थोपवून धरायला खड्डे हवेत. तुमच्या वाडीत तो आयता आहे, आणि तो बुजवायला माती विकत आणायची!

दुसरं, समुद्राकाठी गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. भूजलशास्त्रातला जुना ठोकताळा असा की वरची पातळी एक मीटर खाली गेली, तर खालचं खारं पाणी सुमारे 40 मीटर वर सरकू शकतं. बावखल मुरवतं ते पाणी ही पातळी धरून ठेवतं. विहीर एकदा मचूळ झाली की केळी गेलीच, पण दिरांच्या होऊ घातलेल्या इमारतीची बोअरही खारीच लागणार.

मागणी कशी लिहायची, हे नीट बघा. ‘तलावासाठी आरक्षण टाका’ एवढंच लिहून थांबू नका. आराखडा अंमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही, तर त्याच 1966 च्या अधिनियमाच्या कलम 127 खाली मालक खरेदीची सूचना देऊ शकतो, आणि पुढच्या 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. पैशाअभावी अशी कितीतरी आरक्षणं गळाली. म्हणून जलसाठा आणि त्याच्याभोवतीची पट्टी ना-विकास विभागात, म्हणजे जिथे बांधकामावर कडक बंधनं असतात तिथे, दाखवा, असं स्पष्ट मागा. जागा महापालिकेच्या ताब्यात द्यायची वेळ आली, तर मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो का ते विचारा. दिरांच्या वाट्याचा प्रश्नही त्यातून सुटू शकतो. त्यांचा हिस्सा खरा आहे, तो नाकारून घरात शांतता राहणार नाही. बाकीच्या वाडीवर बांधायचंच ठरलं आणि भूखंड 4000 चौरस मीटरच्या वर असेल, तर 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागतेच. ती बावखलाला लागून ठेवायला सांगा.

प्रश्न: विरारला घर घेतोय. बिल्डर म्हणतो, समोर हरित पट्टा आहे, तिथे कधीच बांधकाम होणार नाही. खरं का?
– एक वाचक, विरार

उत्तर: ‘कधीच’ हा शब्द कायद्यात नाही. समोरच्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि मंजूर आराखड्याचा भाग नकाशा महापालिकेतून स्वतः काढा. हरित विभाग असला, तरी नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली फेरबदल करून रंग बदलता येतो. त्यासाठी राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना येते, आणि हरकतीला एक महिना मिळतो. राहायला गेल्यावर सोसायटीतल्या कुणा एकाकडे या सूचनांवर नजर ठेवायचं काम द्या, आणि हरकत लेखीच घाला.